बंद खोलीतलं वाक्य

पुस्तकावर सिनेमा निघाला की आपल्याकडे लगेच दोन पक्ष पडतात. ‘पुस्तकाची सर नाही’ म्हणणारे एका बाजूला, आणि ‘चारशे पानं वाचायला वेळ कुणाला आहे?’ म्हणणारे दुसऱ्या. २०१३ साली ‘दुनियादारी’ आला तेव्हा सुहास शिरवळकरांचे वाचक किती तावातावाने बोलत होते, ते अनेकांना आठवत असेल. त्याच शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास ज्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयातून आणून एका बैठकीत संपवला, त्यांना कोर्टाच्या गोष्टींची चटक कशी लागते हे वेगळं सांगायला नको.

इथे अमेरिकेत आल्यावर ती चटक भागवायला जॉन ग्रिशम आहे. त्याच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीतही आल्या आहेत, त्यामुळे आजी-आजोबांपासून कॉलेजातल्या मुलांपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा लेखक. म्हणून मंडळाच्या वाचनकट्ट्यासाठी या वर्षी आम्ही त्याची ‘अ टाइम टु किल’ ही कादंबरी निवडली. महिनाभर वाचन, मग एका शनिवारी सिनेमा, मग चर्चा.

चर्चा तासाभराची ठरली होती. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी ती संपेना. वाद पेटला तो एका वाक्यावरून. खरं तर वाक्यावरूनही नव्हे. ते वाक्य कुणी म्हटलं, यावरून.

गोष्ट आणि तिच्यामागची गोष्ट

ग्रिशम मुळात वकील. मिसिसिपी राज्यातल्या साउथहेवन गावात त्याची वकिली चालत असे आणि तो राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्यही होता. १९८४ साली हर्नांडो इथल्या कोर्टात त्याने बलात्काराला बळी पडलेल्या एका लहान मुलीची साक्ष ऐकली. ती ऐकताना त्याच्या मनात आलं, या मुलीच्या बापाने त्या माणसाला गोळी घातली असती तर काय झालं असतं? त्या प्रश्नातून त्याची पहिली कादंबरी निघाली. पहाटे पाचला उठून, कामावर जायच्या आधी लिहीत लिहीत त्याने ती तीन वर्षांत पुरी केली. प्रकाशकांमागून प्रकाशकांनी ती परत पाठवली. अखेर १९८९ साली एका छोट्या प्रकाशनसंस्थेने पाच हजार प्रती काढल्या. त्यातल्या हजार त्याने स्वतःच विकत घेतल्या आणि हिंडून खपवल्या. पुढे १९९१ साली ‘द फर्म’ तुफान चालली, तेव्हा कुठे लोकांनी या पहिल्या पुस्तकाकडे मान वळवली.

गोष्ट थोडक्यात अशी. मिसिसिपीतलं क्लँटन नावाचं काल्पनिक गाव, काळ १९८५ चा. टोनिया या दहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर दोन गोरे तरुण अमानुष अत्याचार करतात. ते पकडले जातात. पण ते सुटतील किंवा थोडक्यात निभावतील अशी भीती तिच्या वडिलांना, कार्ल ली हेलीला, वाटते. तो कोर्टाच्या इमारतीतच दोघांना गोळ्या घालतो. त्या गोळीबारात एक पोलीस अधिकारी जखमी होतो आणि त्याला पाय गमवावा लागतो. कार्ल लीचं वकीलपत्र जेक ब्रिगन्स हा तरुण गोरा वकील घेतो. मग गावात कू क्लक्स क्लान उतरते, जेकच्या कुटुंबाला धमक्या येतात, त्याचं घर जळतं. आणि निकाल द्यायला बसलेल्या ज्युरीतले बाराही जण गोरे असतात.

आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. पण फिर्यादी पक्षाने केवळ वर्ण पाहून ज्युरीतून माणसं वगळायची नाहीत, हे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने बॅटसन खटल्यात स्पष्टपणे बजावलं ते १९८६ साली, म्हणजे गोष्टीतल्या खटल्यानंतरच्या वर्षी.

ते वाक्य

सिनेमा १९९६ चा, दिग्दर्शक जोएल शूमाकर. जेकच्या भूमिकेत मॅथ्यू मकॉनहे, कार्ल लीच्या भूमिकेत सॅम्युअल जॅक्सन. शेवटच्या भाषणात जेक ज्युरीला डोळे मिटायला सांगतो. त्या चिमुरडीवर काय काय गुदरलं ते तो सावकाश, अडखळत, डोळ्यांत पाणी आणून सांगतो. आणि अगदी शेवटी म्हणतो, आता अशी कल्पना करा की ती मुलगी गोरी आहे.

आमच्या दिवाणखान्यात त्या क्षणी कुणी चिवड्याला हात लावला नाही. सिनेमा पूर्वी दोनदा पाहिलेले लोकही स्तब्ध होते. या भाषणाने मकॉनहे रातोरात तारा झाला, आणि लोकांना आज या सिनेमातलं दुसरं काही आठवलं नाही तरी हे भाषण आठवतं.

पुस्तकात मात्र जेक ते म्हणत नाही. पुस्तकातही त्याचं शेवटचं भाषण आहे, चांगलं आहे, पण हा विचार त्यात नाही. तो मांडला जातो दाराआड, ज्युरीच्या खोलीत. बारा जणांचं एकमत होत नाही, सगळे थकलेले आहेत, बाहेर जमाव घोषणा देतोय. आणि ज्युरीतली एक साधी गोरी बाई, जिचं नावही पुस्तक मिटल्यावर आठवत नाही, बाकीच्यांना म्हणते की आपण डोळे मिटून वर्णांची अदलाबदल करून पाहू. मुलगी आपली, गोरी. अत्याचार करणारे काळे. बाप गोरा. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

विचार तोच. पण पुस्तकाने तो एका अनोळखी बाईला दिला आणि सिनेमाने तिच्याकडून काढून नायकाला.

कट्ट्यावरची बाजू आणि प्रतिबाजू

हा फरक आमच्यातल्या ज्या काकूंनी पहिल्यांदा बोलून दाखवला, त्या पुण्यात बँकेत नोकरी करून निवृत्त झाल्या आणि आता मुलाकडे इथे असतात. त्या एवढंच म्हणाल्या, “बाईचं वाक्य चोरलं की हो यांनी!”

त्यावर एक काका हसले. ते चाळीस वर्षं इथे आहेत, इंजिनिअर होते. “काकू, सिनेमा आहे तो. बारा माणसं टेबलाभोवती बसून बोलतायत, हे बघायला तिकीट कोण काढणार?” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तीन-चार आवाज उठले, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’! आणि आमच्या पिढीकडून, ‘एक रुका हुआ फैसला’! पहिला १९५७ चा, दुसरा बासू चटर्जींचा १९८६ चा, आणि दोन्ही जवळजवळ पूर्णपणे एका खोलीत घडतात. काकांनी मान डोलावली, पण माघार घेतली नाही. “ते सिनेमे त्या खोलीचेच होते. हा जेकचा आहे. दोन तास आपण जेकबरोबर चालतो आणि शेवटी त्याला दाराबाहेर ठेवायचं? शिवाय जेक ज्युरीशी बोलतो तेव्हा कॅमेऱ्यातून आपल्याशीच बोलतो. डोळे आपणच मिटतो. म्हणजे तेरावी खुर्ची आपली.” त्यांनी आणखी एक पुरावा ठेवला. या सिनेमाच्या निर्मात्यांमध्ये खुद्द ग्रिशमचं नाव आहे. लेखकाची हरकत नव्हती, मग आपली का?

मुद्दा बिनतोड वाटत होता. पण आमच्यातली एक मैत्रीण इथल्या वकिलाच्या कचेरीत काम करते. ती म्हणाली, खऱ्या कोर्टात जेकला हे भाषण इतक्या सुखाने पुरं करता आलंच नसतं. ‘पीडिताच्या जागी स्वतःला किंवा आपल्या माणसाला ठेवून पाहा’ असं वकिलाने ज्युरीला सांगणं इथल्या बहुतेक न्यायालयांत अयोग्य मानलं जातं, कारण ज्युरीने पुराव्यावर निर्णय द्यायचा, भावनेवर नाही. जेकचं भाषण त्या सीमेच्या अगदी जवळ जातं. सरकारी वकील ताडकन उठला असता. शिवाय जेकचा बचाव काय होता? गोळ्या घालताना कार्ल लीला बऱ्यावाईटाचं भान नव्हतं, हा. मुलगी गोरी असती तर, या प्रश्नाचा त्या बचावाशी कायद्याने काहीच संबंध नाही. ज्युरीच्या खोलीत मात्र हरकत घ्यायला कुणी नसतं. तिथे माणसं मनात येईल ते एकमेकांना विचारू शकतात. “वकिली केलेल्या माणसाने हे वाक्य खोलीत ठेवलं,” ती म्हणाली, “ते जागा चुकून ठेवलेलं नाही.”

मग आमच्यातली सगळ्यांत धाकटी बोलली. इथे जन्मलेली, कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. तिला दोन्ही बाजू पटत नव्हत्या. “तुम्ही भांडताय की वाक्य गोऱ्या वकिलाने म्हणायचं की गोऱ्या बाईने. टोनियाचं काय? तिचं दुःख खरं वाटायला तिला गोरं व्हावं लागतं!” खोलीत शांतता. तिने पुढे सिनेमाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली, जी आमच्यापैकी कुणीच नीट टिपली नव्हती. सिनेमात शेवटच्या भाषणाच्या आधी तुरुंगात कार्ल ली जेकला सुनावतो की तू माझा मित्र वगैरे नाहीस, तू त्यांच्यातलाच आहेस, म्हणून तर तुला निवडलं. तू ज्युरीत बसला असतास तर तुला काय पटलं असतं, ते बोल. म्हणजे जेकच्या भाषणाचं बी त्या बापाने पेरलेलं आहे. सिनेमाने एका बाईकडून काढून घेतलं हे खरं, पण त्यातला थोडा वाटा कार्ल लीला दिला. मात्र सॅम्युअल जॅक्सनने मुलाखतीत सांगितलंय की त्याचे काही महत्त्वाचे प्रसंग संकलनात कापले गेले आणि त्यामुळे कार्ल लीने हे का केलं याचा अर्थच बदलला. मुलीला पुन्हा निर्धास्त वाटावं म्हणून बापाने ते केलं, असं त्याने भूमिकेत धरलं होतं. पडद्यावर तो बेरकी वाटू लागला. “तेव्हा चोरी एकच झाली नाही, काकू,” ती म्हणाली.

युक्तिवाद आणि कबुली

मला काय वाटतं ते सांगते. मी भारतात शिक्षिका होते. फळ्यासमोर उभी राहून ‘कुणाला चिडवू नये’ यावर मी चांगलं तासभर बोलत असे आणि मुलं हाताची घडी घालून ऐकत. पण वर्गातलं चिडवणं थांबायचं ते मधल्या सुट्टीत त्यांच्यातलीच एखादी मुलगी ‘आपण असं का करतो गं?’ म्हणायची तेव्हा. माझं बोलणं चुकीचं नव्हतं. पण ते बाहेरून आलेलं होतं, आणि तिचं आतून.

जेकने ते वाक्य म्हटलं की तो युक्तिवाद होतो. तो वकील आहे, अशिलाला सोडवणं हे त्याचं काम आहे, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्या बाईने म्हटलं की ती कबुली होते. ‘आपण’ असं म्हणून ती स्वतःलाही त्यात ओढते. तिला फी मिळणार नाही, वर्तमानपत्रात नाव येणार नाही. उद्या तिला त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत राहायचं आहे, आणि गावात क्लान फिरते आहे. त्या वाक्याची किंमत ती स्वतः मोजणार आहे. धाकटीचा आक्षेप इथेही उरतोच, पण निदान त्या खोलीत एक माणूस स्वतःच्या मनातला दुजाभाव स्वतः ओळखतो. सिनेमात तो दुसरा कुणी दाखवून देतो.

सिनेमावाले असे बदल नेहमीच करतात. ‘द फर्म’च्या कादंबरीत नायक गुन्हेगारांचे पैसे घेऊन पसार होतो, १९९३ च्या सिनेमात तो कायद्यातलीच पळवाट शोधून आपली सनद वाचवतो. ‘द रनअवे ज्युरी’त तंबाखू कंपनीविरुद्धचा दावा होता, २००३ च्या सिनेमात तो बंदूक बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध झाला. त्यावरही चाहते भांडतात. पण तिथे गोष्टीतला माल बदलला. इथे मालक बदलला.

आपल्याला हे खटकलं का नाही?

काकू सोडल्या तर आमच्यापैकी बहुतेकांना हा बदल आधी खटकला नव्हता, याचं मला नंतर आश्चर्य वाटत राहिलं. कारण बहुधा असं की आपण ज्या देशात वाढलो तिथे कोर्ट म्हणजे वर बसलेले न्यायाधीश आणि खाली गरजणारा वकील. ज्युरी आपल्या स्मृतीत फक्त एकाच खटल्यापुरती आहे, मुंबईतल्या नानावटी खटल्यापुरती. १९५९ साली नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पुराव्याला धरून वाटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे नानावटींना जन्मठेप झाली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ साली राज्यपालांनी त्यांना माफी दिली. इथे अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटलं की विषय संपतो. तिथे न्यायाधीशांना ज्युरीवर वरताण करता येत होती. या खटल्याने भारतातली ज्युरी एका फटक्यात संपली असं सांगतात, पण ती टप्प्याटप्प्याने गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.

याच खटल्याची सावली असलेल्या २०१६ च्या ‘रुस्तम’मध्ये काय केलंय? नायक स्वतःच स्वतःचा खटला लढवतो! खरे नानावटी कार्ल खंडालावालांसारख्या नामांकित वकिलाकडून लढले होते. म्हणजे तिथेही वाक्यं सगळी नायकाला. ते नऊ जण खोलीत काय बोलले, हे कुणाला दाखवावंसं वाटलं नाही.

मराठी रंगभूमीने मात्र याच्या उलट एक गोष्ट फार पूर्वी करून ठेवली आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लुटुपुटीच्या खटल्यात अडकलेली बेणारे बाई शेवटी मन मोकळं करते, पण तिचं ते बोलणं ‘कोर्टा’तल्या कुणालाच ऐकू जात नाही, फक्त प्रेक्षकांना जातं. ग्रिशमच्या पुस्तकातली बाई अकरा जणांना ऐकू गेली, म्हणून एक माणूस सुटला.

पाकीट

हे सगळं दिवाळी अंकात लिहायचं कारण एक पाकीट आहे. आपल्यापैकी जे इथले नागरिक झाले आहेत, त्यांच्या घरी ते कधी ना कधी येतं. ज्युरी ड्यूटीचं बोलावणं. आणि आल्याबरोबर आपण काय करतो? ‘कसं टाळायचं?’ हा पहिला प्रश्न. कामाचं निमित्त, मुलांचं निमित्त, पाठदुखीचं निमित्त. आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं, ‘माझं इंग्रजी हे असं. तिथे माझं कोण ऐकणार?’ खऱ्या अडचणी असतात आणि त्यांसाठी सवलतही मिळते. पण मी बोलते आहे ते निमित्तांबद्दल.

कट्ट्यावरचे ते काका दोनदा ज्युरीत बसले आहेत. कसले खटले ते त्यांनी सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की एका खेपेला आत पहिल्याच फेरीत दहा हात एका बाजूला वर गेले होते. तेव्हा एका शांत बसलेल्या गृहस्थाने चाचरत विचारलं, की त्या साक्षीदाराला अंधारात इतकं लांबचं दिसलं कसं? “त्याचे उच्चारही आपल्यासारखेच होते,” काका म्हणाले, “बाहेरचे. पण दोन दिवस आम्ही त्याच प्रश्नावर बोलत होतो.” सिनेमाची बाजू इतक्या जोरात मांडणाऱ्या माणसाने हे सांगितलं, याची मला गंमत वाटली. तेही मान्य करतात की खोलीत नायक नसतो. खोलीत आपणच असतो.

मी अजून इथली नागरिक नाही, त्यामुळे मला ते पाकीट येणार नाही. पण आमच्या कट्ट्यावरच्या एका वहिनींना पुढच्या महिन्याचं बोलावणं आलं आहे. आधी त्या टाळण्याच्या विचारात होत्या. आता त्यांनी त्या आठवड्याची दाताच्या डॉक्टरांची वेळ पुढे ढकलली आहे.

सुट्टीत वेळ मिळाला तर पुस्तक आधी वाचा, सिनेमा नंतर पाहा. सुरुवातीचे प्रसंग फार जड आहेत, तेव्हा लहान मुलांना दूर ठेवा. पण मोठ्या मुलांना जरूर बरोबर घ्या, आणि शेवटी दिवा लावल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारा, ते वाक्य कुणी म्हणायला हवं होतं? उत्तर काहीही येवो. आमच्याकडे पाच जणांची पाच आली होती, आणि चहा तीनदा करावा लागला.